बेटावर आईच्या चालीनं

।। श्री ।।

आंजर्ले,
मकरसंक्रांत

चि. मनू हिस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाला त्या दिवसापासून तुला सविस्तर लिहायचं मनात होतं, पण तिळाच्या वड्या, सुगडं, शेजारणींचं येणंजाणं यांत सवड मिळाली नाही. आज दुपारी सगळं आवरून पडवीत बसले आहे, आगरात शिपणं चाललंय, तेव्हा आता सावकाश लिहिते आणि तूही सावकाश वाच. तू आईला घेऊन महिनाअखेरीला अंदमानला निघालीस, तेही पगारातून दरमहा बाजूला काढलेल्या पैशांवर, कुणाकडे न मागता आणि हप्ते न लावता, हे ऐकून मला काय वाटलं ते पत्रात मावायचं नाही. देवापाशी साखर ठेवली आणि शेजारच्या काकूंना दोनदा सांगितलं. (त्यांनीही दोन्ही वेळा तितक्याच कौतुकानं ऐकलं हो.)

तू फोनवर यादी वाचून दाखवलीस ती मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतली आहे. पाच दिवसांत पोर्ट ब्लेअर, तिथला तुरुंग, रॉस बेट, हॅवलॉक, तिथले तीन किनारे, नील, तिथले चार किनारे, मधेच एक दिवस बाराटांगच्या गुहा, शिवाय डुबकी, होडी आणि बाजार. बाळा, तुझ्या मनाची मला काडीइतकीही चिंता नाही. आईला सुख व्हावं, तिनं आजवर पाहिलं नाही ते सगळं तिला दाखवावं, या एका हौसेपोटी तू ही यादी केली आहेस हे मला न सांगता कळतं. मला चिंता आहे ती घाईची. तुझ्या पिढीला सगळं भरभर करता येतं, आणि येतं म्हणून करावंसं वाटतं. पण ज्या बेटावर तू निघाली आहेस तिथे सूर्य लवकर उठतो, पाणी आपल्या वेळेनं येतं-जातं आणि बोट वारा बघून सुटते. तिथे घाई करणाऱ्याला फार थोडं दिसतं.

मी आणि तुझे आजोबा त्यांच्या निवृत्तीनंतर तिकडे गेलो ते चेन्नईहून जहाजानं. अडीच-तीन दिवस चहूकडे नुसतं पाणी, जेवायला डाळ-भात आणि झोपायला अरुंद फळी. तुम्ही चेन्नईहून दोन-सव्वादोन तासांत विमानानं उतराल, तेही छानच, तुझ्या आईच्या कमरेला जहाज सोसणार नाही. पण आम्हाला त्या दिवसांनी एक दिलं होतं, की उतरलो तेव्हा आम्ही आधीच निवांत झालो होतो. तुम्हाला तो निवांतपणा मुद्दाम करून घ्यावा लागेल. म्हणून पहिल्या दिवशी काही ठरवू नकोस. खोलीवर जा, आंघोळी करा, भात जेवा, थोडं पडा. आई म्हणेल, ‘अगं, इतके पैसे भरून आलो ते झोपायला का?’ तेव्हा तिला सांग की आजीची आज्ञा आहे.

आता पहाटेचं सांगते. अंदमान आपल्यापासून फार पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे जानेवारीत मुंबईला सव्वासातला उजाडतं तेव्हा तिकडे सूर्य वर येऊन दीड तास झालेला असतो, आणि संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला तो मावळून जातो. आठ वाजता उठून, न्याहारी करून, दहाला बाहेर पडायचं म्हटलं तर दिवसाचा निम्मा गोड भाग गेलाच. तू लहानपणी इथे यायचीस तेव्हा माझ्यामागे गोठ्यात यायला पाचला उठायचीस, तेव्हा तुला ते जड जाणार नाही. रात्री साडेनऊला दिवा मालवा आणि पहाटे साडेचारला उठा. हॅवलॉकला काळापथ्थरचा किनारा पूर्वेच्या अंगाला आहे आणि नीलवर सीतापूरचा. दोन्हींपैकी एका ठिकाणी तरी अंधारात जाऊन बसा. फोन पिशवीत राहू दे. आधी क्षितिजापाशी पाणी राखी होतं, मग वाळू दिसायला लागते, मग शंखात शिरून फिरणारे छोटे खेकडे आपापल्या रेघा ओढत पाण्याकडे निघालेले दिसतात, आणि या सगळ्यानंतर सूर्य येतो. जे सूर्य यायच्या वेळी पोचतात त्यांना फक्त सूर्यच दिसतो.

तुझी आई लग्न झाल्यापासून रोज पहाटे उठते आहे. पाणी भरायला उठली, डबे करायला उठली, तुझ्या परीक्षांना उठली, तुझ्या बाबांच्या पहिल्या पाळीला उठली. आपल्यासाठी म्हणून ती पहाटे कधी उठली असेल असं मला आठवत नाही. त्या एका सकाळी तिच्या हातात चहाचा पेला तू दे, थर्मास आदल्या रात्रीच सांगून भरून घे, आणि मग काही बोलू नकोस. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल.

भरती-ओहोटीचं तुला थोडं शिकवते, कारण त्यावर तिथलं निम्मं बघणं अवलंबून आहे. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. रोज साधारण पाऊण तासानं ती पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही बेताचं. अंदमानात ही पाऊणपट जशीच्या तशी लागू पडत नाही, प्रत्येक किनाऱ्याला आपली वेळ असते. पण रोज पाऊण तास पुढे सरकणं तिकडेही तेच आणि उधाण-भांगही तेच. पोचल्या दिवशी जेट्टीवरच्या एखाद्या होडीवाल्याला विचार, ‘दादा, आज पाणी किती वाजता उतरणार?’ तो सांगेल, आणि पुढच्या दिवसांचं गणित तू स्वतः करशील. तुमच्या दिवसांत पौर्णिमा येते असं मी कॅलेंडरमध्ये पाहिलं, म्हणजे ओहोटीला पाणी चांगलं लांबवर जाईल.

ते कशाला, तर नीलवर लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे, तिथे ओहोटीलाच नीट जाता येतं. भरतीला गेलेले लोक लांबून बघून परततात. आम्ही गेलो तेव्हा आमच्याबरोबर गावातला एक मुलगा होता, तो कमानीकडे न बघता आधी खाली बघत चालायचा. खडकांच्या मधल्या खळग्यांत ओहोटीचं पाणी अडकलेलं असतं; एकेका खळग्यापाशी तो उकिडवा बसायचा आणि आम्हालाही बसवायचा. पहिली दोन मिनिटं नुसता दगड आणि शेवाळ दिसतं. मग शेवाळातलं काहीतरी हलतं आणि ती काकडीसारखी समुद्रकाकडी निघते. दगडाला निळसर-जांभळी चीर दिसते, तिच्यावर सावली पडली की ती मिटते, आणि तेव्हा कळतं की तो जिवंत शिंपला आहे. तुझे आजोबा तिथे इतका वेळ बसले की पाणी परत चढायला लागलं आणि त्या मुलानं हाताला धरून त्यांना उठवलं. तू पायात पकड असलेल्या चपला घाल, आईलाही घालायला लाव, आणि तिचा हात धर. खडक निसरडे असतात आणि तिचा उजवा गुडघा तुला ठाऊकच आहे.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला बहुतेक माहीत नसेल, कारण तुझी आई आपणहून ती कधी सांगणार नाही. तुझी आई पोहते, आणि साधीसुधी नाही. लहानपणी आमच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकली, आठ-पंधरा दिवसांत डबा सोडला, आणि पुढे मे महिन्यात मुलांबरोबर खाडी पार करून पलीकडे जायची. केस ओले घेऊन घरी यायची म्हणून तिच्या आजीची बोलणी खायची, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुढे शिक्षणासाठी शहरात गेली, मग नोकरी, लग्न, तुम्ही मुलं. कुणी तिला अडवलं असं नाही; ते राहून गेलं इतकंच. तू हॅवलॉकला एलिफंट बीचवर पाण्याखालचं बघायला जाशील तेव्हा ती म्हणेल, ‘तू जा, मी पिशव्या सांभाळते.’ बायका पिशव्या सांभाळतात, बाळा, सगळ्या किनाऱ्यांवर. पिशवी तिथल्या माणसाकडे ठेव, नाही तर मुळी नेऊच नकोस, आणि आईला पाण्यात ने. तरंगायचं जाकीट दोघींनी घालायचंच, इतक्या वर्षांनी अंगाला सवय राहिलेली नसते. तोंडावरची काच बसवायला तिला वेळ लागेल, पहिल्यांदा नाकातोंडात पाणी जाईल, ती ‘राहू दे गं’ म्हणेल. तिथला माणूस पुढच्या गिऱ्हाइकासाठी घाई करत असेल तर त्याला गोड शब्दांत थांबव. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिला हवा तेवढा वेळ दे. विहिरीत शिकलेलं अंग विसरत नाही.

आणि पाण्यात बघाल ते काय, तेही आधी सांगून ठेवते. पोवळ्याचा खडक दिसायला दगड, पण तो बारीक बारीक जीवांनी आपल्या अंगातून चुना काढून एकावर एक रचलेला असतो. गोल गठ्ठ्यासारखी पोवळी वर्षाला काही मिलिमीटर, फार तर एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे हंड्याएवढं पोवळं दिसलं तर ते तुझ्या आईपेक्षा वयानं मोठं असू शकतं, आणि त्याच्यावर कुणी दमून क्षणभर पाय टेकला तर ते जीव चिरडतात. म्हणून दमलात तर आडवं तरंगा, पाय टेकू नका. समुद्र फार तापला तर हे जीव पांढरे पडतात. 2010 मध्ये अंदमानात फार मोठ्या प्रमाणावर तसं झालं होतं. तिथे पोपटमासा म्हणून एक हिरवानिळा मासा दिसेल, चोचीसारख्या दातांनी पोवळ्याचा खडक खरवडणारा. कान पाण्यात असले की त्याचा कुरकुर आवाज ऐकू येतो. पोवळ्याबरोबर पोटात गेलेला चुना तो बारीक वाळू करून बाहेर टाकतो. तू ज्या पांढऱ्या वाळूवर फोटो काढशील, तिच्यातली कितीतरी वाळू अशी घास घास करून तयार झालेली आहे. आईला हे सांग. तिला अशा गोष्टी फार आवडतात. सहावीत असताना तिनं मुंग्यांच्या वारुळावर वही भरून लिहिलं होतं, ती वही अजून माझ्या ट्रंकेत आहे.

किनाऱ्यावरून पोवळ्याचा तुकडा, शंख, शिंपला, काही उचलून आणू नका, माझ्यासाठी तर मुळीच नको. पोवळ्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि परतताना विमानतळावर पिशव्या तपासतात. आईला आपल्याकडे शिंपल्या वेचायची सवय, तिच्या हातून नकळत पदरात पडेल, तर तू आठवण कर. काही घ्यावंसंच वाटलं तर पोर्ट ब्लेअरला ‘सागरिका’ हे सरकारी दुकान आहे, तिथून पावतीसह घ्या.

पैशांचं तुला काय सांगू, तू माझीच नात. तरी दोन शब्द. हॅवलॉक आणि नीलला रोख पैसे जवळ असू देत; 2020 पासून समुद्राखालून इंटरनेटची तार आली आहे खरी, तरी नेटवर्क मिळेलच अशा भरवशावर राहू नये. मी पाकिटात एक जुनी वीस रुपयांची नोट घालते आहे, ती लाल. तिच्या मागच्या बाजूला माडांची झाडं आणि समुद्र दिसतो ना, ते पोर्ट ब्लेअरहून दिसणारं दृश्य आहे. आम्ही ती नोट हातात धरून तिथे उभे राहिलो होतो. ती खर्च करू नकोस, तिथे जुळवून बघ, म्हणजे आईला हसू येईल. बाकी काटकसर करायची ती पाण्याची कर. जानेवारी ते एप्रिल तिकडे पाऊस जवळजवळ नसतो आणि गोड्या पाण्याची टंचाई असते. पोर्ट ब्लेअरचं पाणी मुख्यतः धनीखारीच्या एका धरणावर चालतं. तुझी आई बादलीतच आंघोळ करेल आणि टॉवेल रोज धुवायला टाकणार नाही. तिचं बघून तूही तसंच कर. घरून पाण्याच्या बाटल्या न्या आणि भरून घ्या. तिकडे पिठापासून मिठापर्यंत बरंचसं बोटीनं येतं, तेव्हा ताटात टाकू नये. नीलवर मात्र भाजी तिथलीच पिकते, चांगली पिकते. तिथली माणसं बहुतेक पूर्व बंगालातून उखडून आलेल्या निर्वासितांची मुलं-नातवंडं, त्यांनी जंगल काढून शेतं केली. गावांना नावं दिली ती कृष्णाची आणि रामाची: हॅवलॉकला गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर, नीलला रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. एखाद्या साध्या खानावळीत जेवा, मासळी आणि भात. वाढणाऱ्या बाईंशी आई मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायला लागेल आणि अर्ध्या तासात त्यांच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत पोचेल. तेव्हा ‘आई, चल’ म्हणू नकोस. तिच्यासाठी तेच पर्यटन आहे.

ती प्रत्येक गोष्टीची किंमत विचारेल, आधी विचारेल, मग बघेल. तिला खरी किंमत सांग. कमी करून सांगितलीस तर ते तिला नंतर कळेल आणि लागेल. ‘आई, मी वर्षभर याच्यासाठीच साठवले’ एवढं म्हण, ती गप्प बसेल. आणि एक कर. थोडे पैसे तिच्या हातात देऊन सांग की हे घरात कुणासाठी काही आणायला नाहीत, तुझ्या मनाला येईल तसे खर्च कर. ती ते परत आणेल असं मला आत्ताच वाटतंय, पण तिच्या हातात असू देत.

तुरुंगाला अर्धा दिवस दे, तासाभरात उरकायची ती जागा नाही. 1896 मध्ये बांधायला घेतला आणि 1906 मध्ये पुरा झाला. मधल्या मनोऱ्यापासून सात तिमजली इमारती निघाल्या, त्यांतल्या तीनच आता उरल्या आहेत. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. आपली मराठी माणसं फाटकातून शिरली की तडक सावरकरांची कोठडी विचारतात. तुम्हीही जा, आईनं शाळेत असताना त्यांच्यावर केवढं वाचलं होतं. 1911 ते 1921 ते तिथे होते, आणि थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात. खोबरेलाचा कोलू बघाल तिथे जरा उभ्या राहा. दिवसाला तीस पौंड तेल, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, माणसानं जुंपून घेऊन काढायचं. आपल्या घरात नारळाचं तेल निघालेलं तू बघितलं आहेस, तुला त्या वजनाचा अंदाज येईल. आणि कागद-लेखणी नसताना सावरकरांनी ‘कमला’ हे काव्य तिथे रचलं, काट्याखिळ्यांनी भिंतीवर कोरायचं, पाठ करायचं. हे सगळं बघून झालं की मग मनोऱ्यात या. तिथे फरशांवर प्रांतवार नावं कोरलेली आहेत, बंगालची, पंजाबची, किती किती. ती वाचायला कुणी थांबत नाही. तुम्ही दोघी थोडी तरी वाचा, हळू आवाजात, मोठ्यानं उच्चारून. कुणाच्या तरी मुलांची नावं आहेत ती.

बाराटांगचा दिवस काढून टाक, असं मी सुचवते. त्या गुहा सुंदर आहेत, पण रात्री दोन-तीनला उठून गाडीत बसायचं, पोलिसांच्या बंदोबस्तात ताफ्यानं जंगल ओलांडायचं, होडीनं गुहेपाशी पोचायचं आणि तसंच परत. तुझ्या आईचा गुडघा आणि तुमचा एक अख्खा दिवस त्यात जाईल. शिवाय तो रस्ता जारवा लोकांच्या जंगलातून जातो. फार थोडी माणसं उरली आहेत ती. कायद्यानं त्यांचे फोटो काढायला, त्यांच्यापाशी थांबायला बंदी आहे, तरी गाडीच्या काचांना नाकं लावून लोक त्यांना शोधत असतात. त्यांना त्यांच्या घरात सुखानं राहू द्यावं. तू हे मनाशी केव्हाच मान्य केलं असशील, यादीत ते कुणाच्या तरी सांगण्यावरून आलं असणार.

बोटीचं लक्षात ठेव. सकाळच्या बोटीची तिकिटं काढ, मधोमध खिडकीजवळ बस, आईला क्षितिजाकडे बघायला सांग, खाली फोनमध्ये बघू देऊ नकोस. रिकाम्या पोटी बसू नये. मी आल्याच्या वड्या पाठवते आहे, त्या बोटीतच खायच्या. वारा वाढला तर बोट रद्दही होते. तसं झालं तर कुणावर चिडू नकोस. म्हणूनच शेवटचा दिवस पोर्ट ब्लेअरला मोकळा ठेव, विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका. मोकळा दिवस वाया गेला असं समजू नकोस. लागला तर आधार, नाही लागला तर रॉस बेटावर जा. तिथे पडक्या इंग्रजी घरांच्या भिंती झाडांच्या मुळ्यांनी कवळून धरल्या आहेत आणि हरणं माणसाजवळून सावकाश चालत जातात.

राधानगरच्या किनाऱ्याचं सगळे सांगतील, 2004 मध्ये एका परदेशी मासिकानं त्याला आशियातला सर्वोत्तम ठरवलं, आणि तो आहेच तसा, मागे उंच झाडांची राई, पुढे मैलभर वाळू. संध्याकाळी चारला जाऊन बसा, सव्वापाचपर्यंत बसून राहा. मगरींबद्दलचे फलक असतील ते वाच आणि जीवरक्षक सांगेल त्यापुढे पाण्यात जाऊ नका. वाळूवर बसण्याआधी पायांना खोबरेल लावा, वाळूतल्या बारीक माश्या फार चावतात. आईचे फोटो काढ, पण उभं करून, ‘हास’ म्हणून नको. ती पाण्याकडे बघत असेल तेव्हा एखादा काढ आणि फोन ठेवून दे. मला तसे तिचे फोटो फारसे नाहीत. असतात ते सगळे समारंभातले, हातात ताट.

आणि तिला विचार. तू आईला रोज शंभर गोष्टी विचारतेस, किल्ली कुठे, बिल भरलं का, डॉक्टर काय म्हणाले. त्या नकोत. तिला खाडीबद्दल विचार, तिच्या मैत्रिणींबद्दल विचार, तिला काय व्हायचं होतं ते विचार. लगेच उत्तर येणार नाही. ‘काय गं ते आता’ म्हणेल आणि दुसरा विषय काढेल. तू पुन्हा विचारू नकोस, नुसती बसून राहा. दुसऱ्या दिवशी बोटीत, नाही तर खानावळीत भाताची वाट बघताना, ती एकदम सांगायला लागेल. तेव्हा तुम्हाला कुठे पोचायची घाई असता कामा नये, एवढ्याचसाठी मी हे लांबलचक पत्र लिहिलं. किनारे पुन्हा बघता येतील, तू मिळवती आहेस, पुन्हा जाशील. पण आई सत्तावन्न वर्षांची, पाण्यात उतरायला तयार, आणि तू शेजारी मोकळी, असे पाच दिवस पुन्हा जुळवून आणणं सोपं नाही.

तेव्हा आता एवढं कर. यादी घे आणि बाराटांग तर काढच, त्याशिवाय आणखी दोन ठिकाणं तुझी तू काढ. कुठली ते मी सांगत नाही, तुला बरोबर कळेल. काढलीस की मला उलट टपाली कळव. आईला मात्र विहिरीचं मी सांगितलं असं आत्ता सांगू नकोस, पाण्यात उतरल्यावर सांग. आल्याच्या वड्यांचा डबा शुक्रवारच्या गाडीनं पाठवते, स्टँडवर बाबांना पाठव. रोज फोन करायची गरज नाही, पोचल्याचा एक आणि परतल्याचा एक पुरे.

घरी सर्वांस आशीर्वाद. तब्येतीस जपा.

तुझी,
आजी

ता. क. आईचं पोहायचं जुनं काही तिच्याकडे असणार नाही. तिच्या मापाचं, अंगभर, गडद रंगाचं काहीतरी तूच आधी घेऊन ठेव. मनिऑर्डर करते, त्याचे पैसे माझ्याकडून.